चार बाण आणि एक उंदीर : ओपिऑइड-डोपामीनच्या प्रसिद्ध आकृतीची झाडाझडती

मराठीत उंदीर हा एकच शब्द सगळ्यांना पुरतो. गणपतीच्या पायाशी बसतो तो उंदीर, धान्याच्या गोदामातला हातभर लांब तोही उंदीर, आणि कपाटामागे सुळकन पळणारा बोटभर तोही उंदीरच. प्रयोगशाळेत मात्र माऊस आणि रॅट हे दोन वेगळे प्राणी. एक पंचवीस-तीस ग्रॅमचा, दुसरा त्याच्या दहापट वजनाचा. माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात मी हा फरक गिळून टाकला होता. त्यात एक वाक्य होतं:

‘म्यू ओपिऑइड रिसेप्टर उत्तेजित झाले की उंदरांमध्ये डोपामीन वाढतं आणि त्यामुळे रिवॉर्डचं वर्तन दिसतं.’

गाइड मॅडमनी मसुदा परत दिला तेव्हा या वाक्याखाली पेन्सिलीने तीन प्रश्न होते. कोणता उंदीर? कुठलं डोपामीन? ‘त्यामुळे’ कशावरून?

मला आधी राग आला. हे तर पाठ्यपुस्तकातलं वाक्य! पण माझा पहिला उद्देश याच वाक्यावर उभा होता. मॉर्फीन दिल्यावर माऊस किती पळतो ते मोजायचं आणि त्यावरून रिवॉर्ड किती ते सांगायचं, असा बेत होता. प्राणी नैतिकता समितीकडे किती प्राणी लागतील हे लिहून द्यायचं असतं, आणि तो आकडाही मी काढून ठेवला होता. म्हणजे वाक्य चुकलं तर माझी दोन-तीन वर्षं जाणार आणि इतके जीव फुकट जाणार. म्हणून मूळ पेपर काढून बसलो. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतोय. तुम्ही पेट किंवा नेटची तयारी करत असाल, पहिलं प्रपोजल लिहीत असाल, तर ही आकृती तुमच्याही वाटेत येणारच.

आकृती काय सांगते

मेंदू आणि व्यसन या विषयावरचं कुठलंही पाठ्यपुस्तक उघडा, त्यात चार बाणांची एक आकृती सापडते. पहिला बाण: मॉर्फीन म्यू रिसेप्टरला चिकटतं. दुसरा: हा रिसेप्टर व्हीटीए, म्हणजे व्हेंट्रल टेगमेंटल एरियातल्या गाबा न्यूरॉनवर असतो, आणि तो न्यूरॉन गप्प होतो. तिसरा: त्या गाबा न्यूरॉनने ज्याला दाबून धरलं होतं तो डोपामीन न्यूरॉन मोकळा सुटतो आणि न्यूक्लियस अॅक्युम्बन्समध्ये डोपामीन वाढतं. चौथा: प्राण्याला रिवॉर्ड मिळतो, म्हणून तो तेच पुन्हा करतो.

मधले दोन बाण पहिल्यांदा वाचताना गोंधळ होतो, म्हणून जरा थांबू. म्यू, डेल्टा आणि कप्पा हे तिन्ही ओपिऑइड रिसेप्टर जीआय/ओ जातीच्या प्रोटीनशी जोडलेले असतात. ते जागे झाले की पेशीतलं सायक्लिक एएमपी कमी होतं, पोटॅशियमचे चॅनेल उघडतात, पेशीच्या आतला विद्युतदाब आणखी ऋण होतो आणि पेशी सहजासहजी फायर होत नाही. न्यूरॉनच्या टोकाशी कॅल्शियमचे चॅनेल दबतात, त्यामुळे ट्रान्समीटर कमी सुटतो. थोडक्यात, ओपिऑइड रिसेप्टर जिथे असेल तिथे गप्प करण्याचं काम करतो. मग त्याने डोपामीन वाढतं कसं? तर ज्याने ब्रेक दाबून धरलाय त्यालाच त्याने गप्प केलं. याला डिसइन्हिबिशन म्हणतात.

ही कल्पना हवेतून आलेली नाही. १९८८ साली डी कियारा आणि इम्पेराटो यांनी मोकळेपणी फिरणाऱ्या रॅटच्या मेंदूत मायक्रोडायलिसिसची बारीक नळी बसवून दाखवलं, की मॉर्फीन, कोकेन, अॅम्फेटामीन, निकोटीन, दारू अशी माणूस ज्यांच्या आहारी जातो ती द्रव्यं अॅक्युम्बन्समध्ये डोपामीन वाढवतात. त्याच वर्षी त्यांनी हेही दाखवलं की म्यूला चिकटणारी द्रव्यं डोपामीन वाढवतात आणि कप्पाला चिकटणारी ते कमी करतात. १९९२ मध्ये जॉन्सन आणि नॉर्थ यांनी रॅटच्या मध्यमेंदूच्या कापांमध्ये इलेक्ट्रोड घालून दाखवलं, की ओपिऑइड आजूबाजूच्या गाबा पेशींना गप्प करतात आणि त्यामुळे डोपामीन पेशी उत्तेजित होतात. १९९६ मध्ये स्ट्रासबर्गमधल्या ब्रिजिट कीफर यांच्या गटाने म्यू रिसेप्टरचं जीनच काढून टाकलेले माऊस तयार केले. त्यांच्यावर मॉर्फीनने वेदनाही थांबेना, रिवॉर्डही दिसेना, आणि मॉर्फीन सोडल्यावरची लक्षणंही येईनात.

आता पुन्हा बाणांकडे बघा. पहिल्यासाठी कीफर गटाचा पुरावा आहे, दुसऱ्या-तिसऱ्यासाठी जॉन्सन-नॉर्थ आणि डी कियारा आहेत. चौथ्यासाठी? डोपामीन वाढतं हे दिसलं, रिवॉर्ड मिळतो हेही दिसलं. एकामुळे दुसरं होतं हे यातल्या एकाही पेपरने दाखवलेलं नाही. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या एवढंच आपल्या हातात आहे. आकृतीत मात्र चारही बाणांची जाडी सारखीच असते!

पहिला प्रश्न : कोणता उंदीर?

मी वहीत दोन रकाने आखले. एकीकडे रॅट, दुसरीकडे माऊस. १९८८ चे दोन्ही पेपर रॅटचे. १९९२ चा रॅटचा. जीन काढून टाकण्याचे सगळे पेपर माऊसचे. हा योगायोग नाही. माऊसमध्ये नेमकं एखादं जीन बंद करण्याचं तंत्र १९८० च्या दशकाच्या शेवटी हाती आलं. रॅटमध्ये ते जमायला आणखी सुमारे वीस वर्षं गेली. उलट रॅटचा मेंदू मोठा, त्यात नळी बसवणं सोपं, त्याला लीव्हर दाबायला शिकवणंही सोपं. म्हणून औषधशास्त्र आणि विद्युत-नोंदी रॅटकडून आल्या, आनुवंशिक पुरावा माऊसकडून. आपली आकृती दोन प्राण्यांचे तुकडे शिवून तयार झालेली गोधडी आहे. गोधडी वाईट असते असं नाही, पण शिवण कुठे आहे ते ठाऊक हवं.

शिवण महत्त्वाची का? वर्तनाकडे बघा. रॅटला बऱ्यापैकी मोठा डोस दिला तर तो आधी सुस्तावतो, नंतर काही वेळाने चळवळ वाढते. माऊस मात्र थोड्याच वेळात पिंजऱ्याच्या कडेकडेने गोल गोल पळत सुटतो, शेपटी ताठ उभी करून. या ताठ शेपटीला स्ट्राउब टेल म्हणतात आणि ओपिऑइडचा परिणाम ओळखण्याची ती जुनी खूण आहे. बरं, माऊस म्हटलं तरी सगळे सारखे नाहीत. सी५७ब्लॅक६ जातीचा माऊस मॉर्फीनवर जितका पळतो तितका डीबीए२ पळत नाही. माझ्या मसुद्यातल्या ‘उंदरांमध्ये’ या एका शब्दात हे सगळं वाहून गेलं होतं.

एकच जात घेतली तरी सुटका नाही. १९९९ मध्ये क्रॅब, वॉल्स्टन आणि डुडेक यांनी ऑल्बनी, एडमंटन आणि पोर्टलंड अशा तीन प्रयोगशाळांत त्याच जातींच्या माऊसवर त्याच सहा वर्तन-चाचण्या, शक्य तितकी परिस्थिती सारखी ठेवून केल्या. जातीजातींमधले मोठे फरक सगळीकडे दिसले, पण काही निकाल प्रयोगशाळेगणिक बदलले. सायन्समध्ये छापून आलेला हा पेपर वर्तनावर काम करू पाहणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या सत्रातच वाचायला हवा असं माझं मत आहे. छोटा फरक दाखवणाऱ्या पेपरकडे बघण्याची नजर त्याने कायमची बदलते.

दुसरा प्रश्न : कुठलं डोपामीन?

आता मुख्य पेपर. २००५ साली नेचरमध्ये ह्नास्को, सोटॅक आणि पामिटर यांनी सरळ विचारलं: डोपामीनच नसेल तर मॉर्फीनचं काय होतं?

यासाठी वापरलेले माऊस पामिटर यांच्या सिएटलमधल्या प्रयोगशाळेत १९९५ च्या सुमारास तयार झाले होते. टायरोसीन हायड्रॉक्सिलेझ हे एन्झाइम डोपामीन आणि नॉरअॅड्रेनलीन दोन्ही बनवण्यासाठी लागतं. त्यांनी ते अशा रीतीने काढलं की नॉरअॅड्रेनलीनच्या पेशींत ते शाबूत राहिलं आणि डोपामीनच्या पेशींत गेलं. हे माऊस जन्मतात ठीकठाक, पण काही दिवसांनी हालचाल बंद, खाणं बंद, पिणं बंद. तोंडापुढे अन्न ठेवलं तरी खात नाहीत आणि काही आठवड्यांत मरतात. रोज एल-डोपाचं इंजेक्शन दिलं की त्यापासून काही तास डोपामीन बनतं, तेवढ्या वेळात ते खाऊन-पिऊन घेतात, आणि पुन्हा ठप्प.

अशा माऊसना मॉर्फीन दिलं. तीन निकाल आले आणि तिन्ही वेगवेगळ्या दिशेचे.

पळण्याचं वर्तन जवळजवळ गेलं. अगदी थोडी वाढ शिल्लक राहिली, तिला डोपामीन लागत नव्हतं. वेदनेच्या चाचणीत, म्हणजे शेपटीला उष्णता लावल्यावर ती किती वेळात झटकतो या चाचणीत, तेवढाच परिणाम मिळवायला जास्त डोस लागू लागला. आणि कंडिशन्ड प्लेस प्रेफरन्स? ते ठणठणीत दिसलं!

प्लेस प्रेफरन्स म्हणजे काय ते थोडक्यात. दोन कप्प्यांची पेटी. एकाच्या भिंतीवर पट्टे, दुसऱ्याच्या साध्या. जमीनही वेगवेगळ्या पोताची. काही दिवस एका कप्प्यात मॉर्फीन, दुसऱ्यात नुसतं सलाईन. मग एक दिवस काहीही न देता मधलं दार उघडायचं आणि माऊस कुठे जास्त वेळ काढतो ते घड्याळ लावून बघायचं. मॉर्फीनच्या कप्प्यात रेंगाळला तर त्याला ते आवडलं असं आपण म्हणतो.

आता अडचण बघा. डोपामीन नसलेला माऊस हलतच नाही. मग तो कप्पा निवडणार कसा? इथे लेखकांची हुशारी आहे. चाचणीच्या दिवशी त्यांनी काही माऊसना एल-डोपा दिलं आणि काहींना कॅफीन. एल-डोपाने चाचणीपुरतं डोपामीन परत येतं. कॅफीनने डोपामीन येत नाही, पण माऊस चालू लागतो. एकट्या एल-डोपावर थांबले असते तर ‘चाचणीच्या वेळी डोपामीन होतं की!’ असा आक्षेप आला असता. कॅफीनने तो खोडला. कॅफीन पाय देतं, दिशा देत नाही. उजवीकडे जायचं की डावीकडे हे ते सांगू शकत नाही. एका उपायाची फट दुसऱ्याने बुजवायची, हे प्रयोग रचताना शिकण्यासारखं आहे.

माझ्यासाठी मात्र हा पेपर म्हणजे डोक्यात पडलेला दगड होता. पळणं आणि रिवॉर्ड ही दोन वेगळी वर्तनं निघाली. पळण्याला डोपामीन लागतं. प्लेस प्रेफरन्सला त्याच माऊसमध्ये लागत नाही. आणि मी पळणं मोजून रिवॉर्ड सांगायला निघालो होतो.

मग चौथा बाण खोटा?

इथेच थांबून ‘डोपामीनचा काही संबंध नाही’ असं लिहिणंही तितकंच उथळ होईल. मी काही दिवस तेच करत होतो. जुन्या मताविरुद्धचा पेपर सापडला की आपल्याला फार शहाणं वाटायला लागतं. पण जो काटा जुन्या आकृतीला लावला तोच या पेपरलाही लावू.

पहिलं, हे माऊस आयुष्यभर डोपामीनच्या दुष्काळात वाढलेले आहेत. याच प्रयोगशाळेने २००० साली दाखवलं होतं की डोपामीनच्या रिसेप्टरना उत्तेजित करणाऱ्या द्रव्यांना ते नेहमीपेक्षा जास्त प्रतिसाद देतात. म्हणजे मेंदूने स्वतःला जुळवून घेतलंय. अशा मेंदूत मॉर्फीनने डोपामीनशिवाय रिवॉर्ड दिला, तर त्यावरून साध्या मेंदूतही तो तसाच मिळतो हे ठरत नाही. एक पूल पडल्यावर लोकांनी दुसरी वाट काढली, म्हणून पहिल्या पुलावरून कधी रहदारी नव्हती असं कोण म्हणेल?

ही नुसती शंका नाही. २००७ मध्ये याच तिघांनी त्याच माऊसवर कोकेनचा प्रयोग केला. कोकेन तर डोपामीनचं हुकमी द्रव्य. तरीही प्लेस प्रेफरन्स दिसलं! आणि त्यामागे सेरोटोनिन होतं. सेरोटोनिनचं पुनर्ग्रहण रोखणारं फ्लुऑक्सेटीन या माऊसना आवडू लागलं, साध्या माऊसना नाही. म्हणजे या मेंदूत दुसरी वाट निघालेली आहे हे खुद्द लेखकांनीच दाखवून दिलं. आपल्याच गाजलेल्या पेपरवर सावली पाडणारा निकाल छापायला धैर्य लागतं. पण २००५ चा पेपर सांगणारे बरेच जण २००७ च्या पेपरचं नाव घेत नाहीत.

दुसरं, रोजचं एल-डोपा. कंडिशनिंगच्या वेळी डोपामीन नव्हतं हे मान्य. पण शिकलेली गोष्ट पक्की व्हायला पुढचे काही तास लागतात. मग कंडिशनिंगनंतर एल-डोपा किती तासांनी दिलं? असा पेपर हातात आला की पद्धतींच्या भागात आधी हाच आकडा शोधायचा.

तिसरं, प्लेस प्रेफरन्स ही शितावरून भाताची परीक्षा आहे. संशोधकाने इंजेक्शन दिलं, माऊसने काहीच केलं नाही, फक्त जागा लक्षात ठेवली. स्वतः लीव्हर दाबून औषध मिळवणं ही निराळी गोष्ट. त्यात शिकणं आहे, कष्ट आहेत, पुन्हा पुन्हा परतणं आहे. ‘रिवॉर्ड’ हा शब्द दोन्हींना लावतात म्हणून ती एक होत नाहीत. लेखकांनी निष्कर्षाच्या शेवटी ‘प्लेस प्रेफरन्सने मोजलेला रिवॉर्ड’ असं बंधन स्वतःच घातलेलं आहे. पुढे उद्धृत करणाऱ्यांनी ते गाळलं.

चौथं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. या माऊसमध्ये डोपामीन नाही, पण डोपामीनचे न्यूरॉन आहेत. जिवंत आहेत, फायर होतात. आणि या न्यूरॉनपैकी काही डोपामीनसोबत ग्लुटामेटही सोडतात, हे २०१० च्या आसपास माऊसमध्ये ठामपणे दिसलं. त्यातला एक पेपर ह्नास्को यांचाच. म्हणजे रेणू काढला तरी तार शाबूत होती. ‘डोपामीन लागत नाही’ आणि ‘डोपामीन न्यूरॉन लागत नाही’ ही दोन वेगळी विधानं आहेत. मॅडमचा ‘कुठलं डोपामीन?’ हा प्रश्न मला इथे कळला.

२०१८ : तार तोडून बघू

क्रिस्टियन ल्युशर यांच्या जिनिव्हातल्या गटाने २०१८ मध्ये ईलाइफ या नियतकालिकात उलट बाजूने हल्ला चढवला. त्यांनी डोपामीन आलं की चमकणारं प्रोटीन माऊसच्या मेंदूत बसवलं आणि बघितलं, की हेरॉइन दिल्यावर व्हीटीएच्या आतल्या बाजूचे न्यूरॉन जागे होतात. त्यांचे धागे मुख्यतः अॅक्युम्बन्सच्या मीडियल शेलकडे जातात. मग त्यांनी डोपामीन न्यूरॉन रासायनिक कळ दाबून तात्पुरते गप्प केले. माऊसनी हेरॉइन घेणं बंद केलं.

त्यांचा आणखी एक प्रयोग मला फार आवडला. लीव्हर दाबला की स्वतःच्या डोपामीन न्यूरॉनवर प्रकाश पडेल अशी सोय केली तर माऊस दाबत सुटतात. पण आधी हेरॉइन दिलं तर दाबणं कमी होतं. घरून पोटभर जेवून आलेल्या पाहुण्याला पंगतीत कितीही आग्रह करा, तो ताटावर हात आडवा धरतो, तसं. हेरॉइनने आणि प्रकाशाने एकच भूक भागत असेल तरच असं व्हावं. याला ऑक्लूजन म्हणतात. ‘त्यामुळे’ हा शब्द वापरायचा असेल तर अशा जातीचा पुरावा लागतो.

याही पेपरला प्रश्न विचारायचे. डोपामीन न्यूरॉन गप्प केल्यावर माऊस कशासाठी तरी लीव्हर दाबेल का? की कष्ट करण्याची इच्छाच गेली? औषधाचा रिवॉर्ड गेला आणि प्रयत्न करण्याची उमेद गेली, दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात. दुसरं म्हणजे न्यूरॉन गप्प केला की त्याचं डोपामीनही गेलं आणि ग्लुटामेटही. मग २००५ आणि २०१८ हे पेपर खरंच एकमेकांविरुद्ध आहेत का? एकाने आयुष्यभरासाठी रेणू काढला, मॉर्फीन वापरलं आणि जागेची आवड मोजली. दुसऱ्याने काही तासांसाठी न्यूरॉन गप्प केला, हेरॉइन वापरलं आणि स्वतःहून घेणं मोजलं. एवढे फरक असताना ‘परस्परविरोधी निकाल’ असं लिहून मोकळं होणं हा आळस आहे.

आणि रॅटच्या रकान्यात आधीच एक काटा होता. १९८४ मध्ये पेटिट आणि सहकाऱ्यांनी रॅटच्या अॅक्युम्बन्समधले डोपामीनचे धागे विषाने मारले. कोकेन घेणं खूप घटलं, हेरॉइन घेणं त्या मानाने टिकून राहिलं. इथे स्वतःहून घेणंच मोजलं होतं, आणि धागे मोठ्या वयात तोडले होते. म्हणजे २००५ च्या पेपरवरचे माझे दोन आक्षेप इथे लागू होत नाहीत. हा पेपर आजही घशात अडकतो. तो रॅटचा आहे म्हणून झटकून टाकायचा मोह होतो, पण तसं करायचं तर डी कियारा आणि जॉन्सन-नॉर्थही झटकावे लागतील. सोयीचा रॅट ठेवायचा आणि गैरसोयीचा सोडायचा, हे चालणार नाही.

तिसरा प्रश्न : ‘त्यामुळे’ कशावरून, आणि कुठून?

डोपामीनवर एवढं बोललो, पण रिसेप्टर नेमका कुठला? आकृतीत तो व्हीटीएतल्या स्थानिक गाबा न्यूरॉनवर काढतात. २०१४ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या गटाने नेचर न्यूरोसायन्समध्ये याला चांगलाच धक्का दिला. म्यू रिसेप्टर सगळीकडून काढलेल्या माऊसमध्ये त्यांनी तो स्ट्रायटममधल्या डायरेक्ट पाथवेच्या काही न्यूरॉनपुरता परत बसवला. मॉर्फीनची वेदनाशामकता परत आली नाही, सोडल्यावरची लक्षणंही नाहीत. पण रिवॉर्ड परत आला आणि स्ट्रायटममध्ये डोपामीनही सुटू लागलं! स्वतःहून औषध मिळवण्याची धडपड मात्र अर्धवटच परतली.

हे कसं? या न्यूरॉनचे धागे मध्यमेंदूपर्यंत जातात आणि तेही गाबाच सोडतात. त्यांच्या टोकावरचा रिसेप्टर तो गाबा रोखत असेल, तर ब्रेक तोच, फक्त पाय लांबून आलेला. त्याच वर्षी मात्सुई आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की डोपामीन पेशींवर येणाऱ्या गाबाच्या वाटा अनेक आहेत आणि ओपिऑइडचा परिणाम प्रत्येक वाटेवर सारखा होत नाही. म्हणजे १९९२ चं डिसइन्हिबिशनचं तत्त्व टिकलं, पण ‘स्थानिक पेशी’ हा भाग अपुरा ठरला. मग २०२४ मध्ये ल्युशर गटाने नेचरमध्ये फेंटानिलचा पेपर आणला. व्हीटीएतले म्यू रिसेप्टर कमी केले तर डोपामीनची उसळी आणि रिवॉर्ड दोन्ही जातात, पण औषध सोडल्यावरचा त्रास तसाच राहतो. तो त्रास अमिग्डालाच्या मध्यवर्ती भागातल्या रिसेप्टरशी जोडलेला आहे.

एक म्हणतो स्ट्रायटम पुरेसा, दुसरा म्हणतो व्हीटीए आवश्यक. भांडण आहे का? ‘पुरेसं’ आणि ‘आवश्यक’ यांतला फरक आपण बारावीच्या गणितात शिकतो आणि जर्नल क्लबमध्ये विसरतो. इतर सगळीकडून रिसेप्टर काढलेल्या मेंदूत एक जागा पुरेशी ठरली, म्हणजे सर्वसाधारण मेंदूत तीच जागा काम करते असं नाही. एखादी जागा आवश्यक ठरली, म्हणजे ती एकटी पुरते असंही नाही. दोन्ही पेपर खरे असू शकतात. व्हायवात हा प्रश्न येतो, आणि उत्तर देताना बरेच जण अडखळतात.

आणि ‘ओपिऑइड रिसेप्टर’ असं सरसकट लिहू नका. कप्पा रिसेप्टर थेट डोपामीन पेशींना आणि त्यांच्या टोकांना दाबतो, म्हणून कप्पा म्हणजे नावड असं समीकरण रूढ झालं. २०१५ मध्ये अल-हसानी आणि सहकाऱ्यांनी माऊसच्या अॅक्युम्बन्स शेलमधल्या डायनॉर्फिन न्यूरॉनवर प्रकाश टाकला. खालच्या भागात टाकला तर माऊस तिथून पळ काढतो, वरच्या भागात टाकला तर तिथेच थांबतो. दोन्हींना कप्पा रिसेप्टरच लागतो. एकच रिसेप्टर, एकच शेल, वर्तन उलटं. रिसेप्टरच्या नावावरून वर्तन सांगणं म्हणजे पी हळद अन् हो गोरी.

माझं वाक्य, दुसऱ्यांदा

या सगळ्यातून मी स्वतःसाठी काही प्रश्न काढले. आता कुठलाही वर्तनाचा पेपर हातात आला की आधी हेच बघतो:

१. प्राणी माऊस की रॅट, आणि जात कोणती?
२. काढलं ते काय: रेणू, रिसेप्टर की न्यूरॉन? आयुष्यभर की थोड्या वेळासाठी?
३. मोजलं ते काय: पळणं, जागेची आवड की स्वतःहून घेणं? निष्कर्षात त्याला कोणतं नाव दिलं?
४. दावा ‘आवश्यक’ चा आहे की ‘पुरेसं’ चा?
५. याच गटाने पुढे स्वतःच्या निकालाबद्दल काय लिहिलं?

पाचवा प्रश्न कुठल्याही कार्यशाळेत कोणी शिकवत नाही, पण मला सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला.

सिनॉप्सिसमधलं वाक्य आता असं आहे: ‘सी५७ब्लॅक६ माऊसमध्ये म्यू रिसेप्टर उत्तेजित झाल्यावर वाढणारी हालचाल मुख्यतः डोपामीनवर अवलंबून असते, स्वतःहून ओपिऑइड घेण्यासाठी व्हीटीएतल्या डोपामीन न्यूरॉनची क्रिया लागते असं दिसतं, प्लेस प्रेफरन्स मात्र डोपामीनशिवायही दिसू शकतं, म्हणून या तिन्ही वर्तनांना या प्रस्तावात वेगवेगळं मोजलं आहे.’

वाक्य लांबलं, दिसायला काही देखणं राहिलं नाही. पहिला उद्देश बदलला, चाचण्या एकीच्या तीन झाल्या. समितीचा फॉर्म पुन्हा भरावा लागला. प्राण्यांची संख्या वाढली, आणि ती का वाढली हे या वेळी मला समजावून सांगता आलं.

मॅडमनी वाचलं आणि पुन्हा पेन्सिल उचलली. या वेळी प्रश्न एकच होता: ‘नर की मादी?’

त्यावर पुढच्या लेखात.